कळवतो

रविवारी सकाळी सिंधूताईंच्या घरात इस्त्री आधी तापते आणि चहा मागाहून. प्रशिकसाठी मुली पाहायला सुरुवात झाली तेव्हापासूनचा हा शिरस्ता. आधी प्रशिकचा शर्ट, मग गोविंदाजींचा सदरा, मग सिंधूताईंची सिल्कची साडी आणि सगळ्यांत शेवटी भावनाचा ड्रेस. इस्त्री भावनाच करते. मुलगी पाहायला जाताना कपड्याला सुरकुती असून चालत नाही. सुरकुत्या शोधायला तर आपण निघालेलो असतो.

इंदोऱ्यातलं हे घर खाऊनपिऊन सुखी. गोविंदाजी कळमन्याच्या बाजारात एका धान्याच्या अडत्याकडे दिवाणजी होते, आता घरीच असतात. प्रशिक बँकेत. थोरली भावना सदरला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात. तिने पस्तिशी ओलांडली आहे आणि तिचं लग्न झालेलं नाही. बैठकीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. या घरात पत्रिका पाहत नाहीत, मुहूर्त काढत नाहीत, हुंडा घेत नाहीत आणि देतही नाहीत. "आमच्याकडे असलं काही नाही," असं सिंधूताई शेजारणींना सांगतात, आणि त्या खोटं सांगत नाहीत. फक्त मुलगी पाहतात. ती मात्र नीट पाहतात.

"भावना, झालं का वं? कुहीले जायचं आहे, जवळ नाही ते," सिंधूताई आतून म्हणाल्या.

"झालं."

"तू तो निळा ड्रेस घाल. बरा दिसते."

भावनाने निळा घातला. आपण बरे दिसतो की नाही हा प्रश्न तिच्यापुरता बंद होऊनही बरेच दिवस झाले होते.

तो कसा बंद झाला, ते सांगायला हवं. भावना तेविशीत असताना पहिले पाहुणे आले. मग येत राहिले. येत, चिवडा खात, चहा पीत, तिला चालायला लावत, नाव-गाव विचारत, आणि उठताना म्हणत, "कळवतो." हा शब्द आपल्याकडे फार सभ्य समजला जातो. कोणाचं मन दुखवायला नको म्हणून नाही म्हणायचं नाही. कळवतो म्हणायचं आणि कळवायचं नाही. गोविंदाजी त्या दिवसांत बाजारातही मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवत, आणि मध्येच काढून रेंज आहे का बघत. सिंधूताई घरी अंदाज बांधत. मुलाच्या आईने चहा दोनदा घेतला, म्हणजे पसंत आहे. जाताना भावनाच्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे पसंतच आहे. एकदा तर त्यांनी हॉलवाल्याला तारखाही विचारून ठेवल्या. पुढे कोणाच्या तरी लग्नात ती माणसं भेटली, मोठ्या आपुलकीने जय भीम केला आणि आपल्या नव्या सुनेची ओळख करून दिली. सिंधूताईंनी सुनेला 'छान आहे' म्हटलं आणि घरी येऊन दोन दिवस डोकं बांधून पडल्या.

अशी वर्षं गेली. थांबायचं असं कोणी ठरवलं नाही. भावनाच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेला काचेचा डिनर सेट एका दुपारी सिंधूताईंनी खोक्यातून काढला आणि त्यात रोजचं वरण-भात वाढलं. जेवण झाल्यावर ताटं भावनाने विसळली, आणि आपलं लग्न होणार नाही हे तिला असं समजलं.

तेव्हा ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. तिला काही वाटलंच नाही, आणि मग काही न वाटण्याची सवय झाली. ऑफिसात ती कामाला चोख, घरात कामाला चोख, आणि दोन्हीकडे तिला कोणी काही विचारत नसे. आज भाजी कोणती, एवढंही नाही.

मग प्रशिकची वेळ आली. पहिल्याच मुलीकडे निघताना सिंधूताई सहज म्हणाल्या, "भावनाले घ्या सोबत. तिले समजते." इतक्या वेळा जी पाहिली गेली, तिला पाहता येत असणार, असा या घराचा हिशेब. आणि दुःखाची गोष्ट अशी, की तो बरोबर निघाला. भावनाला खरंच समजत होतं. ती बैठकीत काही विचारत नसे. थोड्या वेळाने उठून मुलीला म्हणायची, "चाल वं, तुमचं घर दाखव मले." आत गेल्यावर मुलीचा हात प्रेमाने हातात घ्यायची आणि बोलता बोलता मनगटावरचं घड्याळ वर सरकवायची. चेहऱ्याला पावडर असते, हाताला क्रीम असतं. घड्याळाच्या पट्ट्याखाली मूळचा रंग असतो. ही युक्ती तिने शोधलेली नव्हती. गोंदियाहून आलेल्या एका बाईने ती तिच्यावरच करून पाहिली होती, आणि "अच्छा" म्हणून तिचा हात सोडून दिला होता.

परतताना गाडीत सगळे गप्प बसत आणि भावनाच्या बोलण्याची वाट पाहत. ती म्हणायची, "मले नाही जमली." झालं. पुढे कोणी विचारत नसे, मुलीकडे फोन जात नसे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा इस्त्री तापत असे. भावना दुष्ट होती असं कोणी समजू नये. तिला त्यात मजाही येत नव्हती. पण गाडीतली ती मिनिटं अशी होती, की तीन माणसं तिच्या तोंडाकडे बघत. आठवडाभरात तेवढ्याच वेळापुरती ती त्या घरात होती. तिने हो म्हटलं असतं, तर प्रशिकचं लग्न झालं असतं आणि पुढच्या रविवारी तिला विचारण्यासारखं काही उरलं नसतं.

कुहीला पोहोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. मुलीचे वडील ऋषीभाऊ रस्त्यापर्यंत घ्यायला आले. धानाची कापणी झालेली, ओसरीवर रिकामी पोती रचून ठेवलेली, आणि बैठकीत शेजाऱ्याकडून आणलेल्या खुर्च्या. ऋषीभाऊंनी पंखा गोविंदाजींकडे वळवला, मग प्रशिककडे वळवला, मग पुन्हा गोविंदाजींकडे.

"तुम्ही कळमन्याले होते म्हणे?"

"हो. अडतीवर."

"मग आपण पाहिलं असन एकमेकाले. मी धान तिथंच आणत होतो." ऋषीभाऊंना या ओळखीचा फार आनंद झाला. गोविंदाजींनी मान हलवली आणि चहाच्या कपात पाहिलं.

सरिता आली. तिने ट्रे ठेवला, जय भीम केला आणि समोरच्या खुर्चीत बसली. सावळी, सत्ताविशीची, शांत. सिंधूताईंनी घसा साफ करून विचारलं, "शिक्षण कितीक झालं?"

"एम.ए. मराठी. इथंच शाळेत शिकवते. स्वयंपाक सगळा येते. चष्मा नाही. उंची पाच फूट एक. लग्नानंतर नोकरी करायची की नाही, ते सासरचे ठरवतील तसं."

पुढचे चार प्रश्न सिंधूताईंच्या तोंडातच राहिले. सरिताच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. शाळेत हजेरी घेतात, तसा तिचा आवाज होता. तिची आई घाईने म्हणाली, "थोडी घाबरली आहे जी ती." पण सरिता घाबरलेली नव्हती. भावनाने तिच्याकडे पाहिलं आणि तिला ते ओळखू आलं. या मुलीलाही आता काही वाटत नव्हतं.

प्रशिकला काही विचारायचं आहे का, असं ऋषीभाऊंनी विचारलं. प्रशिक हसला आणि नाही म्हणाला.

भावना उठली. "चाल वं, तुमचं घर दाखव मले."

आतल्या खोलीत एक पलंग होता, शिलाई मशीन होती आणि खिडकीत तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता. भावनाने नेहमीप्रमाणे हात पुढे केला. सरिताने तिच्याआधीच आपला डावा हात समोर धरला, पालथा आणि मग उताणा. मनगट रिकामं होतं.

"घड्याळ काढूनच ठेवलं, ताई. पाहून घ्या."

भावनाचा हात तसाच राहिला.

"तुले कोणं सांगितलं?"

"कोणं नाही. मागं आल्या त्याईनं बी पाहिलं होतं. त्याच्या आधीच्यानं बी. तुमचा येळ कायले घालवू?"

बाहेरून ऋषीभाऊंचं बोलणं ऐकू येत होतं. ते आता कळमन्याच्या जुन्या गोष्टी सांगत होते आणि स्वतःच हसत होते. भावनाने सरिताचा हात धरला नाही.

"ताई, एक सांगू का?" सरिता म्हणाली. "तुम्हाले नाही म्हणायचं असन, तर म्हणा. मले त्याचं काही नाही. पण सांगजा. नुसतं कळवतो म्हणून जाऊ नका."

"काहून?"

"बाबा वावरात जात नाहीत मग. तिथं रेंज नाही. पाहुणे येऊन गेले, की घरीच बसून राहतात फोन घेऊन. आईले म्हणतात, फोन आला आणि लागला नाही, तर ते समजतीन की आपल्यालेच गरज नाही. मागच्या येळी तर किती दिवस धान तसंच पडून होतं. मी म्हणते बाबा, ते नाही करत आता फोन. तर ते म्हणतात, चांगले लोक होते, करतीन."

तिने हे सगळं सांगितलं तेही त्याच आवाजात. मग दाराकडे वळून म्हणाली, "चाला. लय येळ थांबलो, तर ते समजतीन जमलं म्हणून."

निघताना ऋषीभाऊंनी घरच्या तांदळाची एक पिशवी गाडीच्या डिकीत ठेवली. नको नको म्हणत सिंधूताईंनी ठेवू दिली. "कळवतो मग," त्या म्हणाल्या.

"हो, हो. निवांत सांगा. काही घाई नाही," ऋषीभाऊ म्हणाले. गाडी वळेपर्यंत ते रस्त्यात उभे होते. फोन त्यांच्या हातात होता.

गाडी उमरेड रोडला लागली. मग सिंधूताईंनी मागे वळून पाहिलं. "मग?"

"प्रशिकले विचार," भावना म्हणाली.

"मले काय? तू म्हणशीन तसं," प्रशिक म्हणाला.

"लग्न तू करून राहिला. तू सांग."

हे नवीन होतं. प्रशिकने आरशात पाहिलं. "चांगली आहे तशी. बोलायले जराशी कडक आहे. आन फोटोत थोडी उजळ वाटत होती."

प्रशिकचा स्वतःचा रंग सरिताहून उजळ नाही. पण त्याच्या मनगटावरचं घड्याळ आजवर कोणी सरकवून पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला तो ठाऊक नसावा.

"म्हणजे नाही," भावना म्हणाली.

"नाही असं नाही ताई. अजून एक-दोन पाहून घेऊ. मग कळवू ना."

"नाही असन तर आत्ता सांगू त्याईले."

"आत्ता?" सिंधूताई आता पुऱ्या वळल्या. "घरचा चहा पिऊन निघालो त्याईच्या, आन आत्ता सांगतं? किती बुरं वाटन. नाही केला फोन, की समजते लोकाईले आपोआप."

"आपल्याले समजलं होतं का वं आई?"

"ते जुनं कायले काढून राहिली?"

"तू हॉलवाल्याले तारखा विचारल्या होत्या."

सिंधूताई समोर पाहू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुले एवढ्यासाठी आणते का मी सोबत? पसंत-नापसंत सांग, तेवढं काम तुह्यं."

तेवढं काम तुझं. रागात माणसं खरं बोलतात. भावनाने ते ऐकलं, आणि तिला वाईटही वाटलं नाही. तिला फक्त समोर धरलेला तो रिकामा हात दिसत होता. तशा कितीतरी हातांना तिने हात लावला होता. त्यांच्याही घरी कोणीतरी रेंज शोधत बसलं असेल. तो फोन कोणी करू दिला नव्हता? तिनेच.

"बाबा," ती गोविंदाजींना म्हणाली, "तुम्ही सांगा. आपोआप समजत होतं का तुम्हाले?"

गोविंदाजी खिडकीतून बाहेर बघत होते. ते मुळात कमी बोलतात. मान न वळवता ते म्हणाले, "नाही समजत होतं. मी म्हणत होतो, चांगले लोक होते, करतीन." मग प्रशिकला म्हणाले, "गाडी बाजूले घे गा."

प्रशिकने गाडी बाजूला घेतली. गोविंदाजींनी आपला मोबाइल काढला, चष्मा लावून ऋषीभाऊंचं नाव शोधलं आणि फोन शेजारी भावनाकडे दिला.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"हॅलो, जय भीम. पोहोचले का हो?"

"जय भीम, काका. भावना बोलून राहिली. आम्ही रस्त्यातच आहो." तिने श्वास घेतला. "काका, आमच्याकडून नाही आहे."

"अं?"

"सोयरीक नाही जमत. आमचा मुलगा नाही म्हणते."

एक ट्रक गेला, गाडी हलली. मग ऋषीभाऊ म्हणाले, "बरं. बरं बाई." आणि मग अगदी हळू आवाजात, "काही कमी होतं का आमच्यात? पोरीचं काही चुकलं का?"

हा प्रश्न गोविंदाजींना कधी विचारताच आला नव्हता. विचारायला समोर कोणी फोनवर नव्हतं. भावनाने आरशात प्रशिककडे पाहिलं. त्याने नजर खाली केली.

"काहीच चुकलं नाही, काका. मुलगी चांगली आहे. आमच्या मुलाले गोरी पाहिजे."

"भावना," सिंधूताई म्हणाल्या.

"असं होय," ऋषीभाऊ म्हणाले. "मग ठीक आहे. ते तर आपल्या हातचं नाही. पण तुम्ही सांगितलं ते बरं केलं बाई. उद्या धान चुरण्याले मजूर येणार होते, मी त्याईले नको म्हणून सांगणार होतो. आता जातो वावरात."

"तांदूळ परत पाठवते मी, काका."

"नाही, नाही. तांदूळ खा तुम्ही. चांगला आहे."

फोन बंद झाला. आपल्या आत काहीतरी हलेल, असं भावनाला वाटलं होतं. काही हललं नाही. तिने फोन वडिलांना परत दिला आणि गाडी सुरू झाली.

घरी आल्यावर सिंधूताई बोलल्या, आणि पुष्कळ बोलल्या. समाजात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. उद्या प्रशिकला मुलगी कोण देईल? स्वतःचं झालं नाही म्हणून भावाचंही होऊ देत नाही ही. हे शेवटचं वाक्य बोलल्यावर त्या जरा थांबल्या, पण परत घेतलं नाही. स्थळं सुचवणाऱ्या मध्यस्थाचाही फोन आला की तुमची मुलगी फार फटकळ आहे, पुढच्या खेपेला जरा बघा.

पुढच्या खेपेला सिंधूताईंनी बघितलं. रविवारी सकाळी इस्त्री तापली. भावनाने प्रशिकचा शर्ट केला, सदरा केला, साडी केली. मग ती आपला ड्रेस आणायला आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा इस्त्रीचा प्लग काढलेला होता. सिंधूताई चपला घालत होत्या. "भाजी फ्रिजमध्ये आहे," त्या म्हणाल्या. हिंगण्याला जायचं होतं. तू येऊ नकोस असं तिला कोणी म्हटलं नाही. या घरात कोणी कोणाला नाही म्हणत नाही. गोविंदाजी दारात क्षणभर रेंगाळले आणि मग तेही जिने उतरले.

दिवसभर भावना घरी होती. तिने फरशी पुसली, ओट्याशी उभी राहून जेवली, ऑफिसचं थोडं काम केलं. ज्या एका गोष्टीत तिला या घरात कोणी मोजत होतं, तीही आता गेली होती. आपल्याला रडू येतं का हे तिने एकदा बघितलं. आलं नाही.

वाचकहो, आपण शिकलेली माणसं आहोत. आपण मुलीकडे काही मागत नाही, उलट चांगलं बोलून, पाठीवर हात ठेवून परत येतो. त्या संध्याकाळी हिंगण्यातही असंच झालं असणार. पाहुणे गेल्यावर खुर्च्या शेजारी परत गेल्या असतील. पाहुण्यांनी चहा दोनदा घेतला, असं मुलीची आई म्हणाली असेल. वडिलांनी फोन चार्जिंगला न लावता जवळच ठेवला असेल. तुम्ही शेवटचं ज्या घरातून उठलात, त्या घरात आज काय चाललंय, हे तुम्हाला माहीत आहे का?

सात वाजून गेल्यावर गाडीचा आवाज आला. सिंधूताई आत आल्या, पदराने घाम पुसत खुर्चीत बसल्या. प्रशिक बूट काढू लागला. गोविंदाजी दाराशीच उभे राहिले.

"कशी होती?" भावनाने विचारलं.

"होती बरी. दात जरासे पुढं आहेत," सिंधूताई म्हणाल्या.

"त्याईले काय सांगितलं?"

"काय सांगायचं? कळवतो म्हटलं."

भावना त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने हात पुढे केला.

"नंबर दे. मी कळवते."

सिंधूताईंनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. "तुले विचारलं कोणं?"

"कोणंच नाही," भावना म्हणाली. हात तिने मागे घेतला नाही.